मृत्युपत्र, प्रोबेट आणि वकिलाची निवड : ख्रिस्ती कुटुंबांसाठी काही माहिती

घरातील वडीलधारी व्यक्ती प्रभूघरी गेल्यावर अंत्यविधी पार पडतो, महिन्याची मिस्सा होते आणि त्यानंतर केव्हातरी कपाटातील कागद बाहेर निघतात. सातबाऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव असते. बँकेतील ठेवीवर थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लागलेले असते. मृत्युपत्र एकतर नसतेच, किंवा असते ते वहीच्या पानावर, एकाच साक्षीदाराच्या सहीचे. मग कुटुंब वकिलाकडे धाव घेते. वास्तविक त्या वकिलाची खरी गरज दहा वर्षांपूर्वी, ती व्यक्ती हिंडतीफिरती असताना होती.

वकील नेमायचा म्हणजे कोणता, हाही प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. ज्यांनी जमिनीचे खरेदीखत केले, किंवा ज्यांनी शेजाऱ्याचा बांधाचा दावा चालविला, त्यांच्याकडेच मृत्युपत्राचे काम जाते. ते वकील आपापल्या कामात निष्णात असतील. परंतु वारसाहक्काच्या बाबतीत त्यांचा नित्याचा संबंध येतो तो हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ शी, कारण त्यांचे बहुसंख्य पक्षकार त्या कायद्याखाली येतात. ख्रिस्ती व्यक्तीच्या मिळकतीला लागू होतो तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५. दोन्ही कायद्यांतील अंतर लहान नाही, आणि ते ठाऊक नसल्यामुळे होणारी चूक बहुधा मृत्युपत्र करणारा हयात नसतानाच उघडकीस येते. तेव्हा ती दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसते.

मृत्युपत्र नसेल तर

मृत्युपत्र न करता ख्रिस्ती व्यक्ती मरण पावली व मागे पती वा पत्नी आणि मुले असली, तर एक तृतीयांश हिस्सा हयात जोडीदाराला आणि दोन तृतीयांश मुलांना मिळतो. मुलगा व मुलगी यांत कायदा भेद करीत नाही. एखादा मुलगा वा मुलगी आधीच निवर्तली असल्यास तिचा हिस्सा तिच्या मुलांकडे जातो. अपत्य नसेल तर निम्मा हिस्सा जोडीदाराला आणि निम्मा नातलगांना. या ठिकाणी एक विचित्र तरतूद आहे. वडील हयात असल्यास नातलगांचा हा संपूर्ण निम्मा भाग एकट्या वडिलांना जातो; आईला त्यातले काहीही मिळत नाही. वडील नसतील तर मात्र आई आणि भावंडे समान वाटेकरी होतात. अपत्यहीन मुलाला आपल्या आईची सोय व्हावी असे वाटत असेल तर मृत्युपत्राखेरीज मार्ग नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात ही असमानता अजून का टिकून आहे, हे समजणे कठीण आहे.

मुलींच्या हक्काविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. केरळच्या मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिलेल्या निर्णयामुळे जुन्या त्रावणकोर संस्थानातील ख्रिस्ती मुलींना समान हिस्सा मिळाला, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. आपल्या भागात १९२५ चा कायदा पूर्वीपासूनच लागू असल्याने तो लढा द्यावा लागला नाही. तरीही प्रत्यक्षात काय घडते? वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद करण्याच्या वेळी विवाहित बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. कित्येकदा कागद वाचूनही पाहत नाहीत. स्वखुशीने हक्क सोडणे यात गैर काही नाही. परंतु ते हक्कसोडपत्र भावाच्या वकिलाने लिहिलेले असते आणि बहिणीला तिच्या हिताचा सल्ला देणारे कोणीही तेथे नसते. ज्या कागदाने आपला हक्क कायमचा संपतो, त्यासाठी बहिणीने स्वतःचा स्वतंत्र वकील, निदान एका भेटीपुरता तरी, गाठलाच पाहिजे.

आणखी एक समजूत घरोघरी आढळते. ‘वाडी वडिलोपार्जित आहे, त्यामुळे मुलांच्या संमतीवाचून वडिलांना ती कोणाला देता येणार नाही’, असे ठामपणे सांगितले जाते. जन्मतःच मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क मिळणे ही हिंदू एकत्र कुटुंबाची संकल्पना होय. ख्रिस्ती व्यक्तीला आजोबांकडून आलेला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देता येतो. मात्र तो हिस्सा तिचा स्वतःचा असावा लागतो. आजोबांच्या नावावरील सातबाऱ्यात आत्या व काका यांचे हिस्से अद्याप वेगळे झाले नसतील, तर संपूर्ण वाडी देण्याचा अधिकार कोणाही एकाला नाही.

वकिलाला विचारण्याचे तीन प्रश्न

वकिलाचे ज्ञान पारखण्याची साधी रीत अशी की, पहिल्याच भेटीत पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत.

पहिला : ‘माझा जावई साक्षीदार म्हणून सही करू शकेल काय?’ कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार हवेत. करणाऱ्याने सही केल्याचे प्रत्येकाने पाहिलेले असावे, किंवा ती सही आपलीच असल्याची कबुली करणाऱ्याकडून प्रत्यक्ष ऐकलेली असावी. आणि प्रत्येकाने करणाऱ्याच्या समक्ष सही केलेली असावी. आता समजा, वडिलांनी मुलीला घर दिले आणि घाईत हाताशी असलेल्या जावयाचीच साक्षीदार म्हणून सही घेतली. मृत्युपत्र वैध राहते. परंतु मुलीला दिलेले घर कलम ६७ अन्वये तिच्या हातून जाते, कारण साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या पती वा पत्नीला दिलेली देणगी रद्दबातल ठरते. हिंदूंच्या मृत्युपत्राला हे कलम लागू नाही, म्हणून अनेक वकिलांच्या ते ध्यानी येत नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकाने मात्र साक्षीदार होण्यास हरकत नाही.

दुसरा : ‘मी पुन्हा विवाह केला तर या मृत्युपत्राचे काय?’ उत्तर एकच, ते रद्द होते. कलम ६९ अन्वये मृत्युपत्र करणाऱ्याच्या विवाहाने त्याचे पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप संपुष्टात येते. साठीत पुनर्विवाह केलेल्या विधुराने पहिल्या पत्नीच्या मुलांसाठी काळजीपूर्वक केलेली सर्व व्यवस्था त्या दिवशी पुसली जाते. विवाहानंतर नवे मृत्युपत्र करावे लागते.

तिसरा प्रश्न पत्नीच्या हिश्श्याचा. मृत्युपत्र नसताना तिला मुलांसह किती मिळेल, असे विचारावे. ‘सर्वांना समान’ असे उत्तर आले तर ते हिंदू कायद्याचे उत्तर आहे, हे ओळखावे व आभार मानून दुसरीकडे जावे.

वकील शोधावा कोठे, हाही प्रश्न आहेच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. त्यामुळे गाजावाजा करून ‘प्रोबेट तज्ज्ञ’ म्हणविणाऱ्यांविषयी सावध असावे. ज्या कुटुंबांचे काम नुकतेच झाले आहे त्यांच्याकडे चौकशी करणे उत्तम. सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदलेली आहे ना, हे विचारण्यात संकोच नसावा. निबंधक कार्यालयाबाहेर बसणारे एजंट छापील नमुन्यात नावे भरून मृत्युपत्र तयार करून देतात. त्यांचे शुल्क कमी असते, परंतु जावयाच्या सहीचा प्रश्न ते विचारणार नाहीत.

भेटीस जाताना सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, सोसायटीचे भागपत्र, ठेवींची व विम्याची यादी, विवाहाचा दाखला आणि कुटुंबातील सर्व हयात व मृत व्यक्तींची वंशावळ सोबत न्यावी. आपण मुलगी म्हणून वाढविलेली भाची कागदोपत्री दत्तक घेतलेली नसेल तर तेही स्पष्ट सांगावे. कायद्याने झालेल्या दत्तकाखेरीज तिला वारस म्हणून काहीही मिळणार नाही. मृत्युपत्रात तिचे नाव घालणे हाच तिच्यासाठी एकमेव आधार आहे.

मृत्युपत्र करणाऱ्याने वकिलाकडे शक्यतो एकट्याने जावे. ज्या मुलाला मोठा हिस्सा मिळणार, त्यानेच वकील शोधला, त्यानेच शुल्क भरले आणि चर्चेच्या वेळी तोच शेजारी बसला, तर पुढे हेच प्रसंग न्यायालयात त्याच्याविरुद्ध मांडले जातात. एच. वेंकटचला अय्यंगार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सांगितले की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असल्यास ती दूर करण्याची जबाबदारी ते मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते; आणि लाभ मिळणाऱ्याने ते करण्यात पुढाकार घेणे ही अशीच एक परिस्थिती होय. दस्तऐवज मराठीत करावा. काही कारणाने इंग्रजीत केलाच, तर तो मराठीत वाचून दाखविल्याचा व समजल्याचा उल्लेख त्यात हवा. आजारी वा अतिवृद्ध व्यक्तीच्या बाबतीत उपचार करणारे डॉक्टर साक्षीदार म्हणून लाभल्यास फारच चांगले.

शुल्काविषयी

शुल्क पहिल्याच भेटीत ठरवावे व शक्य तर लेखी घ्यावे. मृत्युपत्राच्या मसुद्याचे काम ठरावीक रकमेत होते. प्रोबेटचे काम दोन टप्प्यांत समजून घ्यावे : कोणी हरकत घेतली नाही तर लागणारा खर्च आणि हरकत आल्यास लागणारा खर्च. कोणी कॅव्हिएट दाखल करून विरोध केला की तो अर्ज दाव्याप्रमाणे चालतो. साक्षीपुरावे होतात, वर्षे जातात आणि खर्चाचा पूर्वीचा अंदाज निरुपयोगी होतो. मिळकतीच्या किमतीवर आकारले जाणारे न्यायालयीन शुल्क व वृत्तपत्रातील नोटिशीचा खर्च हे वकिलाच्या शुल्काहून वेगळे असतात, हेही विचारून घ्यावे.

‘आत्ता काही देऊ नका, जमीन मिळाली की तिच्यात माझा अमुक टक्के हिस्सा’, असा प्रस्ताव एखाद्याने ठेवल्यास तो नाकारावा. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविण्यास किंवा मिळकतीत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. शुल्क थकले म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० साली स्पष्ट केले आहे. वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, असा निर्णय मे २०२४ मध्ये झाला. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करावी लागते.

ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ आहे. या कायद्याखाली स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्य मागता येते. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. दिराशी वा सासरच्या मंडळींशी मिळकतीचा वाद असलेल्या आपल्या किती विधवा भगिनींना ही गोष्ट ठाऊक आहे?

प्रोबेट हवे की नको

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला व व्यवस्थापकाच्या अधिकारावरील मोहोर. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असेल तरच प्रोबेट मिळते. नसेल तर मृत्युपत्रासह ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ घ्यावे लागते. केवळ ठेवी, रोखे व येणी वसूल करायची असतील तर उत्तराधिकार प्रमाणपत्र निराळे. आणि आपल्याकडे ज्याला वारस दाखला म्हणतात तो १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा. चारही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात आणि चुकीचा अर्ज केल्याने वर्ष फुकट जाते. आपल्या मिळकतीसाठी यांतील नेमके कोणते लागेल, हे वकिलाने पहिल्या काही भेटींत सांगितले पाहिजे.

मुंबईत केलेल्या वा मुंबईतील स्थावर मिळकतीच्या मृत्युपत्रांना कलम २१३ मुळे प्रोबेट सक्तीचे असे. २००२ सालच्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती व्यक्तींना या सक्तीतून वगळण्यात आले. तथापि कित्येक सोसायट्या व बँका त्यानंतरही आपल्या लोकांकडे प्रोबेटचा आग्रह धरीत राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच कायद्यातून काढून टाकले. संपली ती सक्ती; प्रोबेटचा मार्ग खुला आहे. वारसांमध्ये बेबनाव असल्यास, मुलाबाळांत परदेशस्थ अनेक असल्यास, किंवा साक्षीदार वृद्ध झाले असल्यास प्रोबेट घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करण्यासाठी साक्षीदार हयात व उपलब्ध असेल तर निदान एकाची साक्ष लागते, ही अट भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्येही कायम आहे. म्हणून साक्षीदार शक्यतो आपल्याहून वयाने लहान निवडावेत. सर्व वारसांचे एकमत असेल तेथे मात्र निव्वळ धास्तीपोटी न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण नाही. तसा सल्ला प्रामाणिकपणे देणारा वकील भेटला तर तो सोडू नये.

नॉमिनीविषयीचा गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. ठेवीवर वा फ्लॅटवर नॉमिनी म्हणून नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो व वारसांसाठी सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मधील शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा सांगितले. आयुर्विम्यात मात्र आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम त्यांच्याच हक्काची होते. तसेच आपण ज्यांना अजून तलाठी म्हणतो त्यांच्या दप्तरात फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

परदेशी असलेल्या मुलाने वडिलांकडून घेतलेले कुलमुखत्यारपत्र वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच संपते. त्यानंतर त्याच्या आधारे केलेला व्यवहार पुढे अडचणीत आणतो.

चर्चला व धर्मादाय कार्याला दान

१९२५ च्या कायद्यातील कलम ११८ अन्वये भाचा, पुतण्या वा त्याहून जवळचा नातलग असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने दान द्यायचे असल्यास ते मृत्यूपूर्वी किमान बारा महिने केलेले असावे लागे आणि केल्यापासून सहा महिन्यांत कायद्याने ठरविलेल्या ठिकाणी जमा करावे लागे. केरळमधील धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांनी या कलमाला आव्हान दिले आणि सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने जुलै २००३ मध्ये ते समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केले. जुनी पुस्तके वापरणारे काही वकील ही अट आजही सांगतात.

अडचण दुसरीकडे येते. ‘आमच्या चर्चला’ एवढेच लिहून भागत नाही. धर्मग्राम कार्यालयातून संबंधित न्यासाचे नोंदणीकृत नाव अचूक घ्यावे. शेतजमीन द्यायची असेल तर विशेष सल्ला हवा. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ च्या गुजरातेत लागू असलेल्या तरतुदींखाली बिगर शेतकऱ्याला मृत्युपत्राने शेतजमीन देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. चर्चच्या कायद्याचा दृष्टिकोनही लक्षात घेण्यासारखा आहे. कॅनन १२९९ प्रमाणे अशा दानात शक्यतो नागरी कायद्याच्या अटी पाळाव्यात. त्या राहून गेल्या असल्यास वारसांना मृताची इच्छा पूर्ण करण्याच्या कर्तव्याची जाणीव द्यावी. व्रतस्थांनी अखेरच्या व्रतांपूर्वी नागरी कायद्यानेही वैध ठरेल असे मृत्युपत्र केले पाहिजे, असे कॅनन ६६८ सांगतो. धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या नावावर वडिलोपार्जित हिस्सा असतो, त्यांनीही हे काम लांबणीवर टाकू नये.

मूळचे गोव्याचे कुटुंब असल्यास वरील बहुतेक माहिती लागू होत नाही. तेथे पोर्तुगीज परंपरेतून आलेला कायदा, आता २०१२ चा गोवा उत्तराधिकार अधिनियम, चालतो. मुले वा आईवडील हयात असताना निम्म्या मिळकतीपुरतेच मृत्युपत्र करता येते. गोव्याच्या अधिवासी व्यक्तीच्या महाराष्ट्रातील मिळकतीलाही गोव्याचाच कायदा लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. अशा कुटुंबांनी गोव्यात वकिली करणाऱ्याचा सल्ला घ्यावा.

मूळ प्रत कोठे ठेवावी?

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केल्यास खोटेपणाचा आरोप टिकणे अवघड जाते. नोटरीचा शिक्का मारला म्हणजे दोन साक्षीदारांची उणीव भरून निघते, असे मात्र नाही. नंतर पेनाने केलेली खाडाखोड ग्राह्य धरली जात नाही; तिच्यावरही करणाऱ्याची व दोन साक्षीदारांची सही हवी. मूळ प्रत वकिलाकडे ठेवली असल्यास त्याची लेखी पोच घ्यावी आणि व्यवस्थापकाला ती कोठे आहे हे सांगून ठेवावे. ज्यांना मजकूर घरात कोणालाच कळू द्यायचा नसेल, त्यांना मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला घेऊन अर्ज केल्यावर निबंधक ते पाकीट अर्जदारासमक्ष उघडतो, मजकुराची नक्कल अर्जदाराच्या खर्चाने नोंदवहीत उतरवून घेतो आणि मूळ प्रत पुन्हा आपल्याकडे जपून ठेवतो.